चार प्रश्न न विचारता

सर्जापूर रोड, बेंगळुरू
रविवार, दुपार

तीर्थरूप चंपाआत्यास,

भाग्याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस, की बाटली नुसती शेजारणींना दाखवतेस? (दाखवतेस. मला माहीत आहे.) मी इकडे बरी आहे, वेळेवर जेवते, चटणी संपत आली आहे. पत्र अशासाठी की तुझ्याकडे एक काम आहे. माझ्या प्रमाणपत्राचा प्रश्न आहे, तेव्हा शेवटपर्यंत वाच आणि मगच फोन उचल. फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तूच बोलतेस.

तर आत्या, शाळेत मुलांच्या मनाचं काम करणाऱ्या आम्हा लोकांना दर काही वर्षांनी प्रमाणपत्र नवं करून घ्यावं लागतं. (मी 'डोक्याची डॉक्टर' नाही, हे कृपा करून गल्लीत सांग. मागच्या खेपेला तिघीजणी डोकेदुखीच्या गोळ्या मागायला आल्या होत्या.) यंदा आमच्या संघटनेने नवी अट घातली: समता आणि विविधता या विषयाचं दोन दिवसांचं प्रशिक्षण. ते नाही तर शिक्का नाही, आणि शिक्का नाही तर जूनपासून शाळेत मी नाही. आपल्या घरातली पहिली पदवी, जिचा फोटो देवघरात अंबाबाईच्या शेजारी ठेवून तू त्याला हळदकुंकू वाहतेस, ती घरी बसणार या भीतीने मी नवी वही आणि दोन पेनं घेऊन इंदिरानगरच्या हॉलवर इतक्या लवकर पोचले की झाडणाऱ्या अक्कांनी मला पाय वर घ्यायला सांगितले.

शिकवायला देवश्री मॅडम होत्या. मला वाटलं होतं, पडद्यावर चित्रं दाखवतील, आपण उतरवून घेऊ. त्यांनी वही मिटायला सांगितली आणि म्हणाल्या, दोन दिवस चार प्रश्न बंद. आडनाव काय, गाव कुठलं, वडील काय करतात, घरी कुठली भाषा बोलता. बाकी काय हवं ते विचारा. चुकेल त्याने उभं राहून लहानपणीची एक आठवण सांगायची. आत्या, चाळीस शिकलेली माणसं, आणि कुणाला बोलायला सुरुवातच करता येईना! मला तुझी फार आठवण झाली. पाहुण्याने पाण्याचा तांब्या खाली ठेवायच्या आत तू हे चारही संपवतेस. विजेचं मीटर बघायला आलेला माणूस तू गाव विचारता विचारता धाकट्या काकूच्या माहेरचा निघाला, आणि वर त्याचं लग्नही तू जमवलंस. (बिल मात्र होतं तेवढंच आलं.)

आमच्या गटात अप्पासाहेब नावाचे एक ज्येष्ठ गृहस्थ होते. वडील इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर, तीन पिढ्या बेंगळुरात, मराठीत निम्मं कन्नड. (हे मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं, का ते पुढे कळेल.) मी मराठी बोलते म्हटल्यावर त्यांना राहवेना. आधी विचारलं, आमटीत गूळ घालता का. मॅडमनी नुसतं पाहिलं. मग म्हणाले, "स्वल्प सांगा की अक्का, तुमच्याकडं गौरी उभ्याच्या की खड्याच्या?" मॅडम म्हणाल्या, अप्पासाहेब, हा आडनावाचाच प्रश्न आहे, साडी नेसून आलेला. "सरी, सरी," म्हणत ते उभे राहिले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांचं बालपण आम्हाला दहावीपर्यंत तोंडपाठ झालं. त्यांच्या उमेदीचं मात्र मला कौतुक वाटलं. दर वेळी पडायचे आणि दर वेळी हसत उठायचे.

माझ्या जोडीला आले ते एम. नागराज. पीण्या या कारखान्यांच्या वसाहतीजवळच्या एका शाळेत काम करतात. तिथल्या मुलांचे आईवडील बहुतेक कारखान्यांत. इकडे पुष्कळांना आडनाव नसतंच, नावाआधी नुसतं एक अक्षर. त्या 'एम'पाशी अप्पासाहेब अर्धा दिवस घुटमळले. मला मात्र नियम पाळायचा होता, म्हणून मी विचारलं, भीती कशाची वाटते? ते म्हणाले, कुकरच्या शिट्टीची. त्यांनी विचारलं, तुम्हाला? मी सांगून टाकलं की पदवी चुकून मला दिली होती, ती परत द्या, असं सांगायला कुणीतरी येईल याची. ते हसले नाहीत. म्हणाले, मग त्या माणसाला आधी माझ्याकडे पाठवा, मी त्याला बोलण्यात गुंतवतो, तुम्ही मागच्या दाराने निघा. संध्याकाळपर्यंत मला त्यांच्याबद्दल इतकं कळलं होतं की विचारू नकोस, आणि तुला सांगण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी डबा पुढे केला. मॅडमनी तुझी शेंगदाण्याची चटणी भाकरीला लावली, एक घास घेतला आणि ओरडल्या, "अगं, तू निपाणीकडची का?" हॉल गडगडला. अप्पासाहेब तर खुर्चीवर चढायचेच बाकी होते. मॅडम मुकाट्याने उभ्या राहिल्या. म्हणाल्या, दुसरीत असताना नव्या बाईंनी सगळ्यांची आडनावं विचारली आणि बाक ठरवले. मला पहिला, माझ्या मैत्रिणीला शेवटचा. तिला लांबचं दिसत नव्हतं. दिवाळीनंतर ती आलीच नाही. "बाई वाईट नव्हत्या. त्यांना फक्त सगळं आधीच कळलं होतं." मग त्या बसल्या आणि आणखी चटणी मागून घेतली. आत्या, मला मोठेपणी तशी बाई व्हायचं आहे. (मी मोठी झाले आहे, हे माहीत आहे.)

सोमवारी शाळेत चौथीतली एक मुलगी माझ्याकडे पाठवली होती, 'बोलत नाही' म्हणून. एरवी मी पहिल्यांदा वडिलांचं काम विचारते. या वेळी विचारलं, आज कशाचा राग आला? मधली सुट्टी संपली तरी ती थांबेना. डब्याचा आला, घंटेचा आला, बसच्या खिडकीचा आला, आणि शेवटी माझा. माझ्या खोलीत फिनेलचा वास येतो म्हणे.

आता तुझं काम. प्रशिक्षणात घरचा अभ्यास असतो: घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाने एका अनोळखी पाहुण्याचं स्वागत ते चार प्रश्न न विचारता करायचं, आणि त्याच्याबद्दल काय कळलं ते दोन ओळींत लिहून द्यायचं. आपल्याकडे मोठी तूच. पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीने पाहुणा येईल. गुडघा, ऊन, चहातली साखर यांवर निभाव. गौरी आणि आमटी बंद. शेजारच्या काकूंना पुढे करणंही बंद. तू माणसं जोडायला विचारतेस, हे मी हॉलमध्येही सांगितलं. पण कधीकधी उत्तर ऐकल्यावर तांब्यावरचा तुझा हात क्षणभर थांबतो, तेही मी लहानपणापासून पाहते आहे. येणाऱ्यालाही ते दिसतं गं.

गुडघ्याला तेल लाव. कपाटाला नको.

तुझीच,
भाग्या

ता. क. : पाहुणा म्हणजे नागराज. कुकर आदल्या रात्रीच लावून ठेव.

ता. क. २ : खोटं नको म्हणून सांगते, प्रमाणपत्र मला बुधवारीच मिळालं. घरचा अभ्यास माझ्या घरमालकीण यल्लव्वांनी करून दिला. त्यांनी लिहिलं, 'मुलगा बरा आहे. कप धुऊन ठेवला.' तेव्हा तुझ्या दोन ओळी संघटनेला नकोत. मला हव्यात.

ता. क. ३ : तू विचारायचं नाहीस, पण त्याला तुला एक विचारायचं आहे. ते त्या चार प्रश्नांत बसत नाही, हे मी देवश्री मॅडमना विचारून घेतलं आहे.