एकच पूर्णविराम

प्रिय ताई,

घाबरू नकोस, हे पत्र पूर्णविरामांसकट लिहितोय. माझ्या कादंबरीची पहिली पानं वाचताना तुला धाप लागली होती ना, "अरे, मधे पाणी प्यायला तरी जागा ठेव!" म्हणून म्हटलं, ताईला तरी ठिपके द्यावेत. आणि फोन का नाही केला, तर फोनवर तू आधी "जेवलास का" विचारतेस, मी "हो" म्हणतो, आणि खरं बोलायचं राहूनच जातं.

कादंबरीचं रडगाणं तुला तुकड्यातुकड्यांत माहीत आहे, आता सलग ऐक. प्रकाशकांना मी लवकरसाहेब म्हणतो, कारण कधीही विचारा, उत्तर एकच, "लवकरच!" आधी कागद महागला, मग कुठलीशी पाठ्यपुस्तकं मधे घुसली, मग त्यांच्या मुलीचं लग्न निघालं. आता त्या मुलीचं मूलही "लवकल" म्हणायला शिकलं असेल, माझं पुस्तक आहे तिथंच. आत्याने तर सगळ्यांसमोर विचारलं, "कितवा महिना रे?" सगळे हसले, मीही हसलो. खोलीवर येऊन मात्र लवकरसाहेबांना आणखी एक पत्र खरडलं.

पण खरा घोळ घातला मुद्रितशोधक बाईंनी. छापण्याआधी चुका काढतात, त्या. मी अख्ख्या कादंबरीत एकही पूर्णविराम दिला नव्हता. मुद्दाम. आपल्या चष्म्याच्या दुकानातला दिवस तसाच तर असायचा. बाबा एकाचा नंबर काढता काढता दुसऱ्याचा स्क्रू पिळायचे, तिसऱ्याशी भांडायचे आणि चौथ्याला बसा म्हणायचे. वाक्य कधी संपायचंच नाही. बाईंना वाटलं, पोरगं विसरलं. त्यांनी एकूणएक ठिपके घातले. मी सगळे खोडून पाठवले. पुढच्या खेपेला पुन्हा हजर! मी समजावणारी चिठ्ठी लावली, तर त्यांनी चिठ्ठीतलं शुद्धलेखन सुधारून ती परत पाठवली. असं करत करत वर्ष गेलं. बाबांना सांगितलं तेव्हा ते हसून हसून बेजार झाले होते. "तुला पूर्णविराम परवडत नाहीत का रे? आणि टाइप बारीक ठेवायला सांग, माझी गिऱ्हाइकं वाढतील."

शेवटी लवकरसाहेबांनीच तोडगा काढला. "एक तरी द्या हो. बाईंचंही समाधान, आणि पुस्तक लवकर निघेल." मी कंटाळलो होतो. म्हटलं घ्या, शेवटच्या ओळीला. ती ओळ तुला ठाऊक आहे. दुकान बंद करून आलेला म्हातारा पलंगावर बसतो आणि चष्मा काढून उशाशी ठेवतो. बस. माझ्या डोक्यात तो सकाळी उठणार होता, चष्मा चाचपडणार होता, आपल्या बाबांसारखा, डोक्यावर असलेला घरभर शोधणार होता. पण इतक्या पानांनंतर पहिल्यांदाच ठिपका आला की काय होतं बघ. म्हातारा गेला. ओळ तीच, शब्द तेच, आणि म्हातारा गेला. लवकरसाहेब खूश, "काय मारलाय हो म्हातारा, एका ठिपक्यात!" मीही जरा फुगलो, खोटं कशाला बोलू. बाबा तेव्हा शिडीवर चढून दुकानाची पाटी पुसत होते.

आता ते पलंगावरून उठत नाहीत. डॉक्टरांनी तुला बाहेर बोलावून जे सांगितलं, त्यातलं अर्धंच तू मला सांगितलंस. उरलेलं अर्धं तू त्या दिवशी फोनवर "जेवलास का" विचारलं नाहीस, त्यावरून कळलं. आणि बाबा रोज विचारतात म्हणे, "आलं का शेंडेफळाचं पुस्तक?" भिंग उशाशी घेऊन पडलेत. तू वाचून दाखवते म्हणालीस तर तुलाच झापलं, "चष्मेवाल्याला वाचून दाखवतेस? धंद्याची अब्रू घालवशील!"

आणि नेमकं आत्ता शेवटचं मुद्रित आलं. मी सही केली की छपाई सुरू, महिनाअखेर पुस्तक हातात. ठिपका काढा म्हटलं, तर पान पुन्हा बाईंकडे, मग साहेबांकडे, मग पुन्हा "लवकरच". तेवढी सवड बाबांकडे नाही. आणि ठिपका ठेवला, तर ते भिंग लावून स्वतःचाच शेवट वाचतील. म्हातारा कोण, हे त्यांना पहिल्याच पानावर कळेल. स्क्रू पिळताना जीभ बाहेर काढणारा दुसरा आहे कोण? इतकी वर्षं मी उशिराच्या नावाने खडे फोडले, आणि आता तो उशीर माझ्याच टेबलावर येऊन बसला होता.

आज सकाळी सही केली. ठिपक्यासकट. पहिली बांधलेली प्रत थेट तुझ्या नावावर पाठवायला सांगितली आहे, आणि हे पत्र तेवढ्यासाठीच आहे. दुकानात फ्रेमवरचा वाळलेला गोंद तू ब्लेडच्या टोकाने काढायचीस, काचेला ओरखडाही न जाता. मला बाबांनी कधी ब्लेडला हात लावू दिला नाही, आणि मी येतोच आहे, पण हे काम माझ्या हातून व्हायचंही नाही. प्रत बाबांना देण्याआधी शेवटचं पान उघड आणि तो एक ठिपका खरवडून टाक. हलक्या हाताने, कागदाला भोक नको. त्यांना ते खरवडलेलं दिसेल, दिसणारच, लोकांना बारीक दिसावं म्हणून तर जन्म गेला त्यांचा. विचारलंच तर सांग, छपाईची चूक होती. बाकीच्या प्रतींत म्हातारा जाईल तर जाऊ दे. आपल्या घरातल्या प्रतीत त्याने नुसता चष्मा काढून ठेवलाय, आणि सकाळी उठून तो घरभर शोधणार आहे

तुझंच,
शेंडेफळ