टीम हरली आणि टेंगूळ आलं

प्रिय डोरीनमावशीला लिंझीचा मानाचा नमस्कार. तुझा गुडघा कसाय? मांजरीचे जुलाब थांबले का? (तिला दूध देऊ नकोस म्हटलं होतं.) आम्ही ठीक. म्हणजे ठीक नाही, पण रडत बसले नाहीये.

झालं असं. बाळाची ती लाल वही असते ना, वजन, सुया, सगळं लिहायची. मिसेस पेनफोल्ड, बाळं तपासायला घरी येणारी नर्स, म्हणाली होती की घडेल ते लिहीत जा. मी शाळेत कधी दोन ओळींपुढे गेले नाही, तर दोनच लिहिल्या. शनिवारी क्रेगची टीम हरली. बाळाच्या कपाळाला टेंगूळ आलंय.

बाईने वाचलं. चष्मा पुसला. परत वाचलं. बरं, ही माणसं सरळ विचारतील तर शपथ! चहा ढवळत म्हणते कशी, "घरी सगळं शांत असतं ना, बाळा?" क्रेग, बाप ना तो, लगेच म्हणाला, "अहो, मी कोळीसुद्धा कपात धरून बाहेर सोडतो!" (खरंय. आणि टीम हरली की बाळाला पोटावर घेऊन रडतो तो.) मी म्हटलं, पोराने स्वतःच मारून घेतलं. ती म्हणाली, "हं." गुरुवारी साडेदहाला ती तिच्या वरच्या मोठ्या बाईंना घेऊन येणारेय. आमच्याकडून पोर काढून नेलं तर?

शेजारची ग्लेनिस म्हणते, पान फाड. का फाडू? मी चूक काय लिहिलं? टीम हरली, हे खरं. टेंगूळ आलं, हेही खरं. मधलं "म्हणून" मी लिहिलंच नाही, ते बाईने आपल्या घरून आणलं! फाडणार नाही म्हणजे नाही. येऊ दे दोघींना.

तुझी,
लिंझी

ता.क. बारशाला तू दिलेला तो जड चांदीचा पेला शनिवारी बाळाच्या हातात कोणी दिला, आणि त्याने तो कपाळावर आपटल्यावर "बघा, ताकद बघा!" म्हणून कोण हसलं, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. गुरुवारी दहाला ये आणि तूच सांग.

आणखी एक. आली नाहीस तर काही खोडणार नाही. दोन ओळींच्या मधे फक्त एक घालेन: संध्याकाळी डोरीनमावशी आली होती.

पुढचं त्या बायका जोडतील.