हिवरपेठेला कावळा उरला नाही

प्रिय अक्का,

तू जिवंत असताना तुला पत्र लिहिलं असतं, तर ते दादानंच तुला वाचून दाखवलं असतं. तुला वाचता येत नव्हतं, आणि मला जे लिहायचं होतं ते दादाविषयीच होतं. म्हणून कधी लिहिलं नाही. आता मध्ये कुणी नको. काल तुझा दहावा झाला. मी फाट्यावर एस.टी.ची वाट बघत बसले आहे, आणि कालपासून रागानं डोकं फुटायची वेळ आली आहे. कागद मांडीवर आहे, अक्षर वाकडंतिकडं येईल. चालवून घे.

काल सकाळी हिवरपेठेच्या ओढ्यात तुझा पिंड मांडला. सगळे माना वर करून आभाळाकडे बघत बसले. कावळा येईना! आपला दादा हात जोडून एकेक कबूल करायला लागला. "अक्का, बिरोबाच्या देवळावर स्लॅब टाकतो." कावळा नाही. "अक्का, पायरीवर तुझं नाव घालतो." तरी नाही. मग म्हणतो कसा, "अक्का, देवाला पाण्यावाचून ठेवत न्हाई. आमची सगुणा ऱ्हाईल हितं, तुझ्यावाणीच."

सगुणा, त्याची स्वतःची लेक! नवऱ्यानं टाकली म्हणून दोन वर्षांपूर्वी माहेरी आलेली. ती माझ्या शेजारीच बसली होती. तिनं माझा पदर घट्ट धरला.

कावळा येणार कुठून, सांग. जिथं कुणी उष्टं टाकत नाही, तिथं कावळा कशाला राहील? एवढं साधं त्या शहाण्यांपैकी एकालाही सुचू नये? त्या ओसाड गावात तू एकटी एक भाकरी थापायचीस, तीही सगळी खायचीस.

आणि कसले कावळे होते गं आपल्या गावात! तू अंगणात कुरडया वाळत घालायचीस आणि काठी घेऊन दिवसभर त्यांना शिव्या देत बसायचीस. बुधवारी बाजार भरला की माळावरचे सगळे धनगर मेंढरं घेऊन यायचे. लोकरीचे ढीग, घोंगड्यांचे ढीग, भज्यांचा घाणा. औंधकडचे व्यापारी आदल्या दिवशीच मुक्कामाला यायचे. मेंढरांच्या वासानं डोकं उठायचं. लग्न होऊन मी कृष्णाकाठच्या उसात गेले, तर पहिलं वर्षभर मला तो वास आठवून रडू यायचं. सासूबाई हसायच्या.

तो बाजार, ती पेठ कुणी मोडली? लोक म्हणतात बाहात्तरच्या दुष्काळानं. खोटं आहे! दुष्काळात माणसं जगली. रस्त्याच्या कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, पण जगली. रस्ता गावापासून तीन मैल लांबून गेला आणि तो आपल्याच माणसांनी केला. कामापाशी खोपटी उभी राहिली. पाऊस झाला तरी ती कुणी मोडली नाहीत. डांबर पडलं, एस.टी. थांबायला लागली, दादानं हॉटेल टाकलं. मग बाजारही फाट्यावर आला. एकेक घर येऊन आपली दारं, चौकटी, वासे गाडीत घालून घेऊन गेलं. दगडमातीच्या भिंती तेवढ्या राहिल्या.

बिरोबालाही न्यायचं ठरलं होतं. मी तेव्हा आले होते, मला सगळं लख्ख आठवतं. म्हाताऱ्या पुजाऱ्यानं देवाच्या दोन्ही अंगांना ओले ज्वारीचे दाणे चिकटवून कौल लावला. उजवे पडले तर होकार, डावे पडले तर नकार. तीनदा लावला, तीनदा डावे पडले. देव जागचा हलणार नाही! माणसं मात्र हलणार होती. मग सगळ्यांची तोंडं तुझ्याकडे वळली. नवरा गेल्यावर माहेरी आलेली, लेकरू ना बाळ. दादा म्हणाला, "तू हायस की, अक्का. तुला काय, फाट्यावर काय आन् हितं काय."

देवाला तीनदा विचारलं. तुला एकदा तरी विचारलं का गं?

आणि तू! माझा खरा राग तुझ्यावर आहे. "बरं," म्हणालीस. एवढंच! मी तुला बाजूला ओढून नेलं, म्हटलं, माझ्याबरोबर चल. तर म्हणालीस, "येडी का काय? देवाला पाणी कोण घालंल?" त्या देवाला तरी तुझी दया आली का? भिंती पडत गेल्या, शाळेचं छप्पर गेलं, आड आटला, तरी तू मैलभर लांबच्या विहिरीवरून घागर आणत राहिलीस. आधी त्याच्या डोक्यावर, उरलं तर तुझ्या घशात.

तुला आठवतं, माझ्या थोरल्याच्या बारशाला आली होतीस? उसाच्या पाटात गुडघाभर पाण्यात उभी राहिलीस आणि बाहेर यायलाच तयार नव्हतीस. "लय गार हाय गं," म्हणून लहान पोरीसारखी हसत होतीस. मी तुला तसं हसताना आधी कधी पाहिलं नव्हतं. चौथ्या दिवशी दादाचा निरोप आला, देव कोरडा पडलाय. तू लगेच पिशवी भरलीस. मी भांडले, रडले, तुझ्या चपला लपवल्या. तू अनवाणी निघालीस.

तर काल. ऊन चढलं तसं सगळे कंटाळले. कुणीतरी म्हणालं, फाट्यावर कावळे आहेत, पिंड तिकडं नेऊ. अक्का, जिवंत असताना तुला जेवायला न्यायला कुणाची सायकल मोकळी नव्हती. काल तुझा पिंड सायकलच्या कॅरियरवर बसून फाट्यावर आला! दादाच्या हॉटेलामागं, जिथं खरकटं टाकतात, तिथं ठेवला. मी ओरडले, पण बाईमाणसाचं कोण ऐकतंय? ठेवणाऱ्याचा हात निघाला नाही तोवर पाच-सहा कावळे तुटून पडले.

दादानं डोळे पुसले. खरंच पुसले, खोटं कशाला सांगू. म्हणाला, "बगा, अक्काची इच्छा पुरी झाली. सगुणानं देवापाशी ऱ्हायाचं, अक्काला मान्य हाय."

भज्यांच्या चुऱ्यावर पोसलेल्या कावळ्यांनी तुझा होकार दिला! साऱ्या जन्मात तुझं मत असं एकदाच घेतलं, आणि तेही असं. मी भावाला सर्वांसमक्ष काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. तो म्हणाला, पुन्हा माझ्या दारात पाय ठेवू नकोस. बरं, म्हटलं.

सगुणा बाकावर माझ्या शेजारी बसली आहे. तिचं गाठोडं मी पायात घट्ट धरून ठेवलंय. मघाशी हळूच म्हणाली, "आत्या, देवाला पाणी कोण घालंल वं?" अगदी तुझा आवाज! मी म्हटलं, ज्यांना देव हवा, ते तीन मैल चालतील.

अक्का, तुला शब्द देते. हिला मी परत पाठवणार नाही. उद्या हिला पाटाच्या पाण्यात उभी करीन, हिला हवं तेवढा वेळ. चौथ्या दिवशी निरोप घेऊन कुणी आलंच, तर ह्या वेळी चपला लपवत बसणार नाही. दारात मी उभी राहीन.

एस.टी. आली.

तुझी,
सुमन