अकरा मिनिटं चाळीस सेकंद

३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू जे सांगितलंस त्यातलं निम्मं मला ऐकू आलं. उरलेलं निम्मं तुझ्या आईने स्वतःच्या मनाने भरून सांगितलं. चाळीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजवर काढल्यामुळे तिला ही सवय आहे. म्हणून लेखी विचारतो आहे.

तू कॉलेजात असताना घेतलेला कॉम्प्युटर आता सुरू व्हायला अकरा मिनिटं चाळीस सेकंद घेतो. पाच दिवस घड्याळ लावून मोजलं. फरक सहा सेकंदांच्या वर गेला नाही. गेल्या सोमवारपासून आतून नखाने पत्रा वाजवावा तसा आवाज येतो. हार्ड डिस्क दमली आहे असं तू म्हणालीस, ते नीट ऐकू आलं.

त्यात काय आहे ते तू जाणतेस. तू लग्न करून गेलीस त्या वर्षापासून रोज सकाळी मी आईचं आदल्या रात्रीचं स्वप्न टाइप करून ठेवतो. आज चार हजार सहाशे बारा झाली. आजचं स्वप्न असं: एका रस्त्यावर सगळ्या दुकानांत फक्त जिने विकायला होते. लोक बगलेत जिना घेऊन घरी चालले होते. तिने एक लहान जिना घेतला आणि तो घरी येईपर्यंत वाढला. साडेतीन पानं झाली. सुरुवातीच्या वर्षांत दोन-दोन ओळींची स्वप्नं असत. वयाबरोबर स्वप्न लांबतं असं दिसतं. यावर कुणी काही लिहिलं असेल तर कळव.

आणखी एक. मशीन सुरू होईपर्यंत ती हातात कप घेऊन दाराशी उभी असते. बस म्हटलं तर बसत नाही. गुडघे दुखतात हे मला दिसतं. अकरा मिनिटं चाळीस सेकंद उभं राहणं या वयात बरं नाही. तेव्हा डिस्क बदलायचीच. काम मी स्वतः करीन. पायऱ्या लिहून पाठव.

दोघांवर लोभ आहे तेवढाच आहे, घट धरू नये.
बाबा


९ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पार्सल पाठवलं आहे. त्यात नवी डिस्क, ती खणात बसवायची पट्टी आणि एक केबल आहे. डिस्क पाहून हसू नका. ती पत्त्यांच्या जोडापेक्षाही पातळ आहे. तिच्यात फिरणारं काही नाही, म्हणून आवाजही नाही.

मी दिवसभर लोकांच्या ऑफिसांतले कॉम्प्युटर उघडते. तिथे कुणी माझं ऐकत नाही. तुम्ही तरी ऐका. आधी नवी डिस्क केबलने बाहेरूनच जोडा. सोबत लिहिलेला प्रोग्राम जुनीवरचं सगळं जसंच्या तसं नवीवर उतरवतो. तो दोन गोष्टी विचारील, कुठून आणि कुठे. इथे घाई करू नका. उलट झालं तर नवीचं रिकामपण जुनीवर उतरेल आणि आईची सगळी स्वप्नं पुसली जातील. मी हे घाबरवायला लिहीत नाही. गेल्या महिन्यात एका वकिलाचं तसं झालं. तो माझ्यासमोर खुर्चीत बसला आणि बराच वेळ उठला नाही.

उतरवून झालं की मशीन बंद करा, वायर भिंतीतून काढा. लोकरीचा स्वेटर घालून बसू नका. आत हात घालण्याआधी पेटीच्या पत्र्याला एकदा स्पर्श करा. डिस्कला दोन वायरी असतात, एक विजेची, एक माहितीची. काढण्याआधी कागदावर चित्र काढा. स्क्रू बशीत ठेवा, खिशात नाही. खिशातल्या स्क्रूंचं पुढे काय होतं ते आईला विचारा.

लांबणाऱ्या स्वप्नांवर कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही. तुम्हीच लिहा.

आशीर्वाद असू द्यावेत, आणि थोडी सबुरीही.
भिंगरी


१७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

काम अर्ध्यावर थांबवलं आहे. कारण लिहितो.

सरकारी वजनमापं तपासण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे पार्सल उघडल्यावर पहिल्यांदा डिस्क तोलली. माझा घरचा काटा अजून बिनचूक आहे. सत्तेचाळीस ग्रॅम. कुठून आणि कुठे, हे तीनदा वाचलं. आईला मोठ्याने वाचायला लावलं. मग बटण दाबलं. उतरवायला साडेआठ तास लागले. मधे जुनी डिस्क फार वाजत होती. आई शेजारी स्टूल घेऊन बसली होती. आजाऱ्याजवळ बसल्यासारखं वाटतं म्हणाली.

शेवटी काम पूर्ण झाल्याचं स्क्रीनवर आलं. मी डिस्क काढून पुन्हा तोलली. सत्तेचाळीस ग्रॅम. पुन्हा तोलली. तेच.

साडेचार हजारांवर स्वप्नं, तुझ्या परीक्षांचे अर्ज, माझा सेवानिवृत्तीचा पत्रव्यवहार, एवढं उतरलं आणि काटा हललाही नाही. मला हे पटत नाही. जुनीही काढून तोलली, पाचशे नव्वद ग्रॅम, आणि परत लावली. मशीन म्हणतं झालं, काटा म्हणतो नाही. आजवर अशा वेळी मी काट्याची बाजू घेतली आहे. तुझं उत्तर येईपर्यंत जुनीच डिस्क चालू ठेवली आहे. आई हसते आहे, पण का ते सांगत नाही.

लोभाचं वजन करत नाही, पण तो आहे.
बाबा


२१ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

कार्डच पाठवते. ऑफिसात दोघांना तुमचं पत्र वाचून दाखवलं. आता सगळे तुम्हाला भेटायचं म्हणतात.

डिस्क भरलेली आहे. भरलेल्या आणि कोऱ्या कॅसेटचं वजन सारखंच असायचं, आठवा. काटा बरोबर आहे आणि मशीनही बरोबर आहे. मधल्या दिवसांतली स्वप्नं तेवढी वेगळी उतरवून घ्या. निर्धास्त बसवा.

लोभ तुमचा, हसू माझं.
भिंगरी


७ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

बसवली. स्क्रू एकही उरला नाही. पेटीतून निघालेली धूळ एका वाटीत मावली.

चौदा सेकंद. मी बटण दाबून चष्मा पुसायला घेतला आणि काच अर्धी पुसून होते तोच मशीन तयार. फाइल उघडली, पहिल्यापासून सगळी स्वप्नं जागच्या जागी आहेत. पहिलं असं: पाण्यावर खुर्च्या मांडल्या होत्या, कुणी आलं नाही. एवढंच. मी ते विसरलो होतो.

पण एक गोष्ट घडली आहे आणि तुला सांगावी की नाही अशा विचारात आठ दिवस गेले. आईला स्वप्नं पडेनाशी झाली. पहिल्या दिवशी मी मशीन लावून मान वळवली, तर ती कप घेऊन नुकती दारात येत होती. म्हणाली, आज काही नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. आज नववा दिवस. चौदा वर्षांत असे सलग दोन दिवस गेले नव्हते.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, या वयात झोप विरळ होते. तिला विचारलं तर म्हणते, मी छान झोपते, उगाच डोकं खाऊ नका. मग सकाळी आम्ही काय करतो? मी फाइल उघडतो, तारीख घालतो, बंद करतो. ती आत जाते. पावणेनऊला मी पेपर वाचायला बसतो, तो नऊला संपतो. दुपारपर्यंत आमचं बोलणं दूध आणि किल्ली एवढंच होतं. पूर्वीही एवढंच होत असे काय, हे मला आठवत नाही.

मी काही बिघडवलं आहे का? तुला कळत असेल तर स्पष्ट लिही.

लोभ राहू दे.
बाबा


१० मार्च

चि. भिंगरीस,
खूप खूप आशीर्वाद.

हे दातांच्या डॉक्टरकडे गेले आहेत, म्हणून लिहायला बसले. फोन त्यांच्या कॉम्प्युटरशेजारी आहे, त्या मशीनसमोर उभं राहून हे बोलता येणार नाही. हे पत्र वाचून फाड. तू फाडणार नाहीस हे मला माहीत आहे, तरी सांगते.

मला स्वप्नं पडत नाहीत. कधीच पडली नाहीत. उशीला डोकं टेकलं की सकाळ होते. पाण्यावरच्या खुर्च्या तेवढ्या खऱ्या. तू गेलीस त्यानंतरच्या आठवड्यात त्या दिसल्या आणि मी सहज ह्यांना सांगितलं. घर फार गप्प झालं होतं गं. ह्यांनी तुझं मशीन लावलं आणि ते टाइप करून ठेवलं, तारखेसकट. दुसऱ्या दिवशी मशीन लावून माझ्याकडे पाहू लागले. ह्यांनी माझ्याकडे असं कधी पाहिलं होतं ते मला आठवेना. मी म्हटलं, एक घोडा लिफ्टने वर येत होता.

तिथून चालू झालं. मशीन सुरू होईपर्यंत मी दारात उभी राहून रचायची. पहिली काही वर्षं ते दोन मिनिटांत सुरू व्हायचं, म्हणून स्वप्नंही तेवढीच. पुढे ते सुस्तावत गेलं आणि मला ऐसपैस वेळ मिळू लागला. एक्स्चेंजवर आम्हाला लोकांचं अर्धंच बोलणं कानावर पडायचं, उरलेलं मी मनात पूर्ण करायची. तोच धंदा. आतून घरघर सुरू झाली की मला आपोआप काहीतरी दिसू लागायचं. घडी घालून कपाटात ठेवलेलं तळं, शेजारच्या घरी राहायला गेलेली आपली एक खोली. बसले तर सुचायचं नाही, म्हणून उभी राहायची. ह्यांना वाटतं मी कष्ट सोसते.

आता चौदा सेकंद. चौदा सेकंदांत मला घोडासुद्धा दिसत नाही. आदल्या दिवशी रचून ठेवायचाही प्रयत्न केला. पाठ केलेलं बोलू लागले की जीभ अडते.

चौदा वर्षं फसवलं, हे ह्यांना कसं सांगू? हा माणूस पाव ग्रॅमसाठी दुकानाला टाळं लावायचा. एवढीच विनंती. तुला त्या मशीनमधलं कळतं. ते पुन्हा हळू करता येईल का?

माया आहेच, ती मागून घ्यायची नसते.
आई


१५ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

फाडलं नाही.

हळू करता येतं. मशीन सुरू होताना एका जागी किती सेकंद थांबायचं तो आकडा घालता येतो. आताचे चौदा धरून सातशे होतील असा घातला की अकरा मिनिटं चाळीस सेकंद बरोबर होतात. मी पुढच्या महिन्यात येईन तेव्हा पाच मिनिटांचं काम आहे. बाबांना वाटेल नवी डिस्कही दमली. ते पुन्हा घड्याळ लावतील आणि त्यांना तेच अकरा चाळीस मिळतील. त्याचं ते काय करतील, मी सांगू शकत नाही.

मला मात्र तो आकडा घालावासा वाटत नाही. तू सांगितलंस तर घालीन. त्यांना वाटतं आहे की त्यांनी हाताने काही तोडलं. त्यांचं तसं पत्र अजून माझ्यापुढे पडून आहे. तू त्यांना सांग. रागावले तर इकडे निघून ये, इथे एक खोली रिकामी आहे.

आणि मला एक सांग. मी फोनवर विचारायची, आई कशी आहेस, तेव्हा तू सांगायचीस तेही रचलेलं असायचं का?

लोभ धरून ठेव.
भिंगरी


२२ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, कधी कधी.

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस मी सातशे आणि सांगणं यांच्यात घुटमळत होते. काल सकाळी ठरवलं की सांगायचं. कपही घेतला नाही, हात मोकळे बरे म्हणून. दारात गेले तर मशीन केव्हाच लागलेलं होतं आणि हे खुर्चीतून उठून बाजूला उभे. म्हणाले, आज मला पडलं आहे, तू लिही.

मी जन्मात टाइप केलेलं नाही. बसवलं मला. हे मागे हात बांधून उभे राहिले, साहेबासमोर राहावं तसे. म्हणाले, आपण एका रस्त्याने चाललो होतो आणि हातात उलटी धरलेली छत्री होती, तीत पाणी. मग थांबले. मी 'छ' शोधत होते, म्हणून मला आधी कळलं नाही. अक्षर सापडलं तरी हे थांबलेलेच. मान वर करून पाहिलं तर छताकडे बघत होते. मग म्हणाले, पाणी सुमारे साडेचार लिटर.

भिंगरी, स्वप्नात कुणाला लिटर कळत नाहीत. आणि असं थांबणं मला चांगलं ठाऊक आहे. पुढचं येईपर्यंत माणूस छताकडेच बघतो.

मी लिटर लिहिलं. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत. माझा शब्द टाइप होईपर्यंत ह्यांना पुढचं वाक्य मिळायचं. वाटेत एक माणूस म्हणे त्या पाण्याला घर विचारत होता. वाईट नाही गं. मी त्यांना तसं म्हटलं, तर कानापर्यंत लाल झाले. सात ओळींना सव्वा तास लागला. दोघांपैकी कुणालाही पेपर आठवला नाही.

सांगायचं होतं ते राहिलं. ह्यांना माझं रचणं आधीच कळलंय, की नुसतं हल्ली मला पडत नाहीत म्हणून बिचाऱ्यांनी उसनं आणलं, ते मला ठरवता येत नाही. विचारायला धीर होत नाही आणि घाईही वाटत नाही. उठताना मी विचारलं, पाण्याचं पुढे काय झालं? म्हणाले, उद्या बघू.

तू येशील तेव्हा त्या आकड्याला हात लावू नकोस. आणि लोभ असला तरी सकाळी दहाच्या आत फोन करत जाऊ नकोस, आम्ही कामात असतो.

तुझी
आई