दोष पाणसळीचा नव्हता

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार (वाकलं की तोल जातो, म्हणून खुर्चीत बसूनच घालतोय, गोड मानून घे). भावोजींचे गुडघे कसे आहेत? तुझा राग कसा आहे हे विचारत नाही. तुझ्याकडच्या त्या बेसिनवरून महिनाभर आपण बोललो नाही, म्हणजे तो ठणठणीत असणार.

तर, दोन महिने माझी पाणसळ बिघडली होती (असं मी धरून चाललो होतो). तिच्या नळीतला बुडबुडा मधोमध आला, म्हणजे बेसिन सरळ बसलं, की मला ते वाकडं दिसायचं. तीस वर्षं नळकाम केलेला माणूस बुडबुड्याचं ऐकतो होय? मी डोळ्यांनी सरळ करायचो आणि गिऱ्हाईक ओरडायचं. दोन पाणसळी फेकल्या, तिसरी आणली, तीही मेली तसलीच! शेवटी एका बाईंच्या न्हाणीघरात मी स्वतःच कललो आणि अवजारांसकट टबात जाऊन बसलो. तुझी भावजय म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं," आणि मला दवाखान्यात घेऊन गेली.

तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्या धाकटीच्या वयाच्या. त्यांनी माझ्या डोक्याचा फोटो दाखवला. फुप्फुसातल्या दोन वर्षांपूर्वीच्या कॅन्सरचे कण रक्तातून वर मेंदूत गेलेत. मेंदूचा वरचा करडा थर आतल्या पांढऱ्याला भिडतो तिथे रक्तवाहिन्या एकदम बारीक होतात, आणि हे कण बहुधा तिथेच अडकतात, असं त्या फार जपून सांगत होत्या. मी म्हटलं, "बाई, पाइप बारीक झाला की कचरा तिथेच बसणार, हे मला सांगता?" त्या खूप हसल्या, आणि पुढच्या पेशंटला त्यांनी माझ्याच पाइपचा दाखला दिला. फोटोत माझे असे तीन ठिपके आहेत. दोन मोठ्या मेंदूत, बहुतेकांचे तिथेच असतात म्हणे. तिसरा मागे, छोट्या मेंदूत, जिथून तोल सांभाळला जातो. म्हणजे पाणसळ माझ्याच डोक्यातली बिघडली होती. आता ठिपक्यांवर नेमके किरण सोडणार आहेत. पूर्ण बरं होईल असं वचन बाई देत नाहीत, पण पुष्कळ दिवस हाती लागतील म्हणतात. बाकी मी मजेत आहे, जेवतो दोघांचं.

तुझा धाकटा (सध्या तिरपा) भाऊ

ता.क. किरण बुधवारी सकाळी. तोंडावर जाळीचा मुखवटा चढवून अजिबात न हलता पडायचंय. ताई, मला भीती वाटते. बाहेरच्या बाकावर तू बसलेली असलीस तर बरं होईल.

पुन्हा ता.क. तुझ्याकडचं बेसिन वाकडंच आहे. तू खरं बोललीस आणि मी तुला आंधळी म्हटलं. दुसऱ्या कुणाकडून ते सरळ करून घेऊ नकोस. मीच येणार आहे. पाणसळ मात्र तू धर.