आपल्याच माणसाची काठी

नागपूर, रविवार

तीर्थरूप सुमंतकाकांच्या चरणी गार्गीचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? काटोलला थंडी पडली असेल. काकूंचा खोकला वाढला नाही ना? इकडे आम्ही सारे मजेत (माझा उजवा खांदा सोडून, त्याचंच सांगते). ‘आजोबांचं शांतीचं खूळ आजोबांबरोबर गेलं, तू चौकात बसणं सोड,’ हा तुमचा मेसेज मिळाला. वाचला, मोबाइल डोळ्यांना लावला आणि काल पुन्हा जाऊन बसले.

सीमेवर चकमकी सुरू झाल्यापासून दर शनिवारी मी सदर भागातल्या चौकात ‘युद्ध नको’ हा फलक घेऊन गप्प बसते, आजोबा बसायचे तश्शीच. (ते स्वभावानेच गप्प, मला जीभ दाताखाली धरावी लागते.) काल हिंगण्याच्या कारखान्यातले कुणी रुपराव मोटारसायकल थांबवून अंगावरच आले. “माहा पोरगा फौजेत आहे, अन् तू लढाई नको म्हणून राहिली? तुले काय कळते वं?” फलक हिसकावून त्यांनी हात उगारला. मी हलले नाही. पण शेजारचा चष्मेवाला गिरिधर, आजोबांचा पट्टशिष्य, दुकानातून काठी घेऊन धावला. “अहिंसेवर हात उचलतं काय बे!” रुपरावांचं डोकं फुटणार असं दिसलं, तशी मी मध्ये घुसले आणि काठी माझ्या खांद्यावर बसली. आजोबांनी जन्मभर विरोधकांचा मार खाल्ला. आपल्याच माणसाचा खाणारी घराण्यात मी पहिली.

गिरिधर रडायलाच लागला. रुपरावांनी मला उठवून त्याच्या दुकानात बसवलं, पाणी दिलं.

“माह्यासाठी काहून मार खाल्ला वं?”

“तुमचा मुलगा सुखरूप घरी यावा, म्हणूनच बसते ना मी इथे.”

त्यांनी बाहेर पडलेला फलक उचलून आणला. मग म्हणाले, “त्याचा फोन येऊन नाही राहिला.” आणि बाहीने धूळ पुसून त्यांनी फलक माझ्या हातात दिला.

तेव्हा काका, खूळ म्हणा, हट्ट म्हणा, मी बसणार. आजोबांचं शेत नि घर तुम्ही भावांनी वाटून घेतलंत. हे कुणीच मागितलं नाही, म्हणून मी घेतलं.

तुमची न ऐकणारी पुतणी,
गार्गी

ता. क. – आईजवळ खांद्याचं बोलू नका. बाथरूममध्ये घसरले असं सांगितलंय. (अहिंसा जमते, सत्याचा सराव चालू आहे.)

ता. क. २ – येत्या शनिवारी रुपरावही बसायला येतो म्हणालेत. गिरिधर तर येणारच. दोघांच्या मध्ये बसायला घरचं माणूस हवं. सकाळच्या बसने निघा; माझा एकच खांदा शिल्लक आहे.