खाट न फिरवलेली खोली

दि. ४ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अ. आ.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हा कागद. रुग्णालयाचं काम तुझ्या ऑफिसला मिळालं हे तुझ्या वहिनीचं सगळ्या गल्लीला सांगून झालंय. मीही चार ठिकाणी छाती फुगवली. पण काल तुझ्या ऑफिसातून निरोप आला, की यंदा नमुना खोली बांधायची नाही, मिस्त्रींनी नुसतं येऊन संगणकातली खोली चष्मा लावून बघायची. अगं, तीस वर्षं मी दुसरं केलं काय? इमारत उठायच्या आधी तिच्यातली एक खोली खऱ्या मापाने बांधायची, मालकाला आत फिरवायचं, चुका काढायच्या आणि मग ती पाडायची. माझ्या अकरा माणसांची चूल त्यावर पेटते.

आणि आमची रीत तुला ठाऊक आहे. खोली झाली की दोघांनी खाट उचलायची, बोळाच्या वळणावरून दारातून आत न्यायची, फिरवून बाहेर आणायची. कुठे घासली नाही, तरच मी सही करतो. लहानपणी तूच त्या खाटेवर बसून फुकटात फिरायचीस, आणि उतर म्हटलं की भोकाड पसरायचीस. हातच्या काकणाला आरसा कशाला, हे तुझ्या रुग्णालयाच्या कमिटीला माझ्यातर्फे विचार.

जेवण वेळेवर घेत जा. राग पत्रापुरता आहे, आशीर्वाद कायमचे.

तुझा दादा


दि. १५ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

राग पोचला. पाकीट हातात घेतलं तेव्हाच गरम लागलं! आता माझं ऐक. तुझी एक नमुना खोली म्हणजे चार हजार विटा, साठ पोती सिमेंट, आणि महिन्याभराने तो सगळा राडारोडा गावाबाहेरच्या खड्ड्यात. हे रुग्णालय आम्ही निसर्गाला कमीत कमी ओरबाडून बांधतोय. विटा न भाजलेल्या मातीच्या, भिंती जाड, म्हणजे उन्हाळ्यात गारव्यासाठी यंत्रं लावायला नकोत. आणि त्याच इमारतीसाठी आधी एक खोली बांधून मोडायची? लोक तोंडात शेण घालतील.

चष्मा लावलास की तू त्या खोलीत उभा असशील. मे महिन्यातलं दुपारचं ऊन कुठवर येतं, वारा कुठून शिरतो, सगळं दिसतं. परवा ऊन थेट रुग्णाच्या डोळ्यांवर येत होतं, तर मी खिडकी वीतभर सरकवली, तीही जागेवर बसून. बोळाच्या दोन्ही भिंती आतल्या बाजूने चार-चार इंच वाढवल्या त्याही अशाच. कमिटीला मात्र तुझीच सही हवी आहे. मिस्त्रींनी पाहिली म्हणजे आम्ही पाहिली, असं अध्यक्ष म्हणाले. यंत्र माझं आणि पत तुझी, आता तरी येशील ना?

वहिनीला नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ठकी


दि. ९ मार्च

चि. ठकीस,
अ. आ.

सुखरूप पोचलो. वहिनीला तुझा चष्मा समजावताना पुरेवाट झाली. खरं सांगतो, थक्क झालो. फरशीवर ऊन सरकत आलं तसा मी पाय मागे घेतला. मग भिंतीला टेकायला गेलो आणि सपशेल आपटलो, तेव्हा तुझ्या ऑफिसातली सगळी पोरं हसली, तूही हसलीस. हसा, हसा.

पण एक गोष्ट तेव्हापासून डोक्यातून जात नाही. बोळाच्या वळणावर भिंत माझ्या कोपरातून आरपार गेली आणि मला काही लागलंच नाही. मी तुला बाजूला घेऊन म्हणालो, की चार फळ्या ठोकून तेवढं वळण उभं करू, एकदा खाट फिरवू, अर्ध्या दिवसाचं काम आहे. कमिटी ताटकळतेय, आता नको, असं तू म्हणालीस. मग सगळ्यांसमोर हा माझा दादा अशी ओळख करून दिलीस आणि मी विरघळलो. ‘पाहिली, पटली’ याखाली सही ठोकून मोकळा झालो. आयुष्यात पहिल्यांदा खाट न फिरवता सही केली. अजून पाया खणलेला नाही. ठके, तेवढं वळण फळ्या ठोकून बघ. एवढं ऐकलंस तर पुन्हा कधी तुझ्या कामात तोंड घालणार नाही.

उत्तर लगेच टाक. जीव टांगणीला लागलाय.

तुझा दादा


दि. २० जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सव्वा वर्षात तुला एक ओळ लिहिली नाही. कोणत्या तोंडाने लिहितेय, माझं मला माहीत. इमारतीला बक्षीस मिळालं ते तू पेपरात वाचलं असशील. ती खरंच गार आहे रे, मे महिन्यात पंखासुद्धा लागला नाही. पण पहिल्याच आठवड्यात रुग्णाचा पलंग वळणावर अडकला. दोन्हीकडून चार-चार इंच, म्हणजे आठ इंच बोळ मी खाल्ला होता. चष्म्यात आम्ही सगळे मोकळ्या हातांनी चाललो, पलंग ढकलत कोणी चाललंच नाही. एका म्हातारीला चौघांनी चादरीच्या झोळीत घालून आत नेलं. शरमेने तिने डोळे घट्ट मिटून घेतले होते. चाळीसच्या चाळीस खोल्या तशाच आहेत, आणि आता भिंती फोडायच्या आहेत.

चौकशीत मला विचारलं, वळण कोणी तपासलं. मी तुझी सही पुढे केली. खोटं बोलले नाही. तू बाजूला घेऊन जे म्हणालास ते सांगितलं नाही, तुझं पत्रही दाखवलं नाही, एवढंच. दादा, माझं लायसन्स जाईल, ऑफिसला टाळं लागेल. तू तर दोन वर्षांत काम थांबवणारच होतास. ‘चूक माझी’, अशा दोन ओळी तू कमिटीला लिहून दे. पाया पडते. तुझ्याशिवाय मला आहे कोण?

रागव, पण तोडू नकोस.

तुझी ठकी


दि. २ जुलै

श्रीमती आर्किटेक्ट यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. मागितलेल्या दोन ओळी कमिटीकडे पाठवल्या आहेत. ‘खाट न फिरवता सही केली. चूक माझी.’ त्यात खोटं काही नाही.

तुम्हीही खोटं बोलला नाहीत, असं तुम्ही लिहिता. केसाने गळा कापायचा तर सुरी कशाला लागते? कंत्राटदारांनी माझं नाव यादीतून काढलं. माझ्या अकरापैकी नऊ माणसं दुसरीकडे लागली. दोघांना या वयात कोणी घेत नाही, ते सकाळी ओट्यावर येऊन बसतात आणि दुपारी उठून जातात. मी त्यांच्याशी काय बोलू? माझी बायको म्हणते, तुमच्याकडे जाऊन जाब विचारा. आपलेच दात आणि आपलेच ओठ, जाब कुणाला विचारायचा! मी तिला गप्प बसवलं.

दोन वर्षांत मी थांबणारच होतो, हे मात्र तुम्ही बरोबर लिहिलंत. पण स्वतःहून थांबणार होतो.

भिंती फोडायला कोणीतरी दुसरा मिस्त्री बघावा. इकडे पत्र पाठवण्याची तसदी घेऊ नये.

कळावे. लोभ होता.

आपला,
मिस्त्री